जुन्या गोव्याची नगरदेवता : संत कॅथरीन

पनवेल आणि उरण या दोन तालुक्यांत हुतात्मा हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चिरनेरला १९३० साली जंगल सत्याग्रहात माणसे पडली. जमिनीच्या लढ्यात १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले. आमच्या पनवेलचे हिरवे गुरुजी १९५५ च्या गोवा सत्याग्रहात बळी पडले. त्यांची नावे चौकांना आहेत, बागांना आहेत, आणि वर्षातून एकदा हार घेऊन आपण तिथे जमतो. विचुंब्याहून मी इथे बोलायला आलो तो युनियनचा कार्यकर्ता म्हणून. इतिहासाचा पंडित म्हणून नव्हे. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचे वाचन वाचनालयात आणि रात्री युनियनच्या कचेरीत झाले. पण हुतात्म्याचे नाव कोण घेतो, कशासाठी घेतो, आणि ते नाव पुढे कुणाच्या हाती जाते, हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे, म्हणून त्याच्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार मी घेतो.

यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते गोव्याचे आहे. पनवेलहून कोकण रेल्वेच्या गाडीत बसले की करमळी स्थानकापासून जुने गोवे अगदी जवळ पडते. तिथल्या ‘से’ या मोठ्या कॅथेड्रलमध्ये आपले लोक जातात, मान वर करून छत पाहतात, आणि समोरच्या बॉं जेझूस चर्चमध्ये सेंट झेवियरचे शव पाहायला निघून जातात. हे कॅथेड्रल कोणाच्या नावाचे आहे हे दहांतले नऊ जण विचारीत नाहीत. ते संत कॅथरीनचे आहे. पोर्तुगीज तिला कातारीना म्हणतात. झेवियर गोव्यात पाऊल टाकण्याच्या बत्तीस वर्षे आधीपासून ती गोवा शहराची नगरदेवता होती. आपल्या गावाला जशी गावदेवी, तशी.

प्रथम ती कोण हे सांगितले पाहिजे. कथा अशी आहे की चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया नगरीत अठरा वर्षांची एक कुलीन, विद्वान मुलगी होती. रोमन बादशहा ख्रिस्ती लोकांचा छळ करीत होता. ही मुलगी दरबारात गेली आणि त्याला तोंडावर म्हणाली की तुझे हे करणे अन्यायाचे आहे. बादशहाने तिला वादात हरवण्यासाठी पन्नास पंडित बोलावले. वादात पंडितच हरले आणि तिच्या धर्माचे झाले. बादशहाने त्यांना जाळले. मग तिच्यासाठी खिळे मारलेले चाक तयार करण्यात आले. ते चाक तिला लागताच मोडून पडले. शेवटी तलवारीने तिचे शिर उडवले, आणि देवदूतांनी तिचे शरीर सिनाई पर्वतावर नेऊन ठेवले. त्या पर्वताच्या पायथ्याशी सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने बांधलेला मठ आजही आहे आणि तो तिच्याच नावाने ओळखला जातो.

आता इतिहास काय म्हणतो? कथेत बादशहाचे नाव मॅक्सेन्शियस असे येते. पण त्याची सत्ता इटलीत होती, अलेक्झांड्रिया त्याच्या हाती कधीच नव्हती. तिथे मॅक्सिमिन राज्य करीत होता. त्या काळचा चर्चचा इतिहासकार युसेबियस, ज्याने हुतात्म्यांची इतकी माहिती जमवली, तो कॅथरीनचे नाव घेत नाही. बादशहाच्या वासनेला नकार देणाऱ्या आणि म्हणून मालमत्ता जप्त होऊन हद्दपार झालेल्या एका विद्वान स्त्रीचा तो उल्लेख करतो, पण तिचे नाव देत नाही. कॅथरीनची कथा लेखी सापडू लागते ती तीन-चारशे वर्षांनंतर. काही अभ्यासकांना असेही वाटते की या कथेत हायपेशियाची सावली आहे. हायपेशिया ही त्याच अलेक्झांड्रियातली गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणारी विदुषी. तिला ४१५ साली मारले, आणि मारणारा जमाव ख्रिस्ती होता. हा तर्क खरा असेल तर मारणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मारलेलीलाच देव्हाऱ्यात बसवले असे म्हणावे लागेल. पुरावा कमी म्हणून व्हॅटिकनने १९६९ साली तिचा सण आपल्या सर्वसाधारण पंचांगातून काढून टाकला, आणि २००२ साली ऐच्छिक सण म्हणून परत घेतला. तेहतीस वर्षे संतीण बाई कामावरून कमी केलेली होती. मग पुन्हा हजेरीपटावर आली. आमच्याकडे याला बॅक वेजेससह की विना बॅक वेजेस असे विचारतात. असो.

पुरावा असो की नसो, लोकांनी तिला आपली मानली, आणि कोणत्या लोकांनी ते पाहण्यासारखे आहे. विद्वानांनी मानली, कारण ती वादात जिंकली. पण त्याहून अधिक, ज्यांचे पोट चाकावर चालते त्यांनी मानली : गाडीची चाके करणारे सुतार, चरख्यावर सूत कातणाऱ्या बाया, दळणारे, कुंभार, सुऱ्यांना धार लावणारे. युरोपात या धंद्यांच्या संघांचे ती दैवत झाली. ज्या चाकावर तिचा छळ झाला त्याच चाकावर आपण दिवस काढतो, असे त्यांना वाटले असावे. पॅरिसमध्ये शिवणकाम आणि टोप्या करणाऱ्या अविवाहित मुली पंचविसाव्या वर्षी २५ नोव्हेंबरला, तिच्या सणाला, चित्रविचित्र टोप्या घालून मिरवत. याच पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींनी १९१७ च्या मे महिन्यात, ऐन महायुद्धात संप केला आणि शनिवारची अर्धी सुट्टी पगारासह मिळवली. तो संप संतिणीच्या कृपेने झाला असे मी म्हणत नाही; पण बादशहाला तोंडावर बोलणारी मुलगी ज्यांची देवता, त्या मुलींना शेटजीची भीती जरा कमीच वाटणार.

अशी ही बाई गोव्याला कशी आली? गोव्यात चाके करणाऱ्यांनी तिला बोलावली नाही, विद्वानांनीही नाही. तिला कॅलेंडरने आणले.

१५१० च्या आरंभी आफोंसो द आल्बुकर्क याने आदिलशहाकडून गोवा शहर घेतले. होनावरकडचा तिमोजा त्याच्या मदतीला होता. मे महिन्यात आदिलशाही फौज आली आणि पोर्तुगिजांना शहर सोडावे लागले. पावसाळा तोंडावर आलेला, समुद्र खवळलेला. मांडवीच्या मुखाशी त्यांची गलबते महिनोन् महिने अडकून पडली, खायला उंदीर उरले. पाऊस ओसरल्यावर आल्बुकर्क बाहेर पडला, नवी कुमक घेऊन परतला, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी नदीकाठच्या दरवाजातून शहरात घुसला. ख्रिस्ती पंचांगात त्या दिवशी संत कॅथरीनचा सण होता. दोन दिवस आधी वारा अनुकूल झाला असता तर गोव्याची देवता दुसरीच कुणी झाली असती.

त्यानंतर काय झाले याची साक्ष विजेत्याचीच आहे. २२ डिसेंबरला आल्बुकर्कने राजा मानुएलला पत्र लिहिले. त्यात तो सांगतो की शहरातल्या मुसलमानांची कत्तल चार दिवस चालली, पुरुष म्हटला नाही की बाई म्हटली नाही. मशिदींत कोंडून माणसे जाळली. मेलेल्यांचा आकडा तो सहा हजार देतो. हिंदू शेतकऱ्यांना आणि ब्राह्मणांना त्याने सोडले, कारण शेते कसायला आणि वसूल द्यायला कुणी तरी हवेच होते. कामगार चळवळीत आम्ही मालकाच्या हिशेबवहीलाच सर्वांत मोठा पुरावा मानतो, कारण ती त्याच्या हाताची असते. हे पत्र तसे आहे.

ज्या दरवाजातून तो आत आला तिथे त्याने कॅथरीनचे लहानसे चॅपेल उभारले. १५३४ साली गोव्याला बिशपची गादी मिळाली तेव्हा त्याच चॅपेलला कॅथेड्रलचा मान मिळाला. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने ते पुन्हा बांधले. नदीवरच्या धक्क्याला तिचे नाव, शहराच्या चिन्हात तिचे चाक. पुढे १५६२ मध्ये नव्या, अवाढव्य कॅथेड्रलचे काम सुरू झाले. ते १६१९ मध्ये उभे राहिले आणि आतल्या वेदी १६५२ पर्यंत चालू होत्या. अडीचशे फूट लांब, एकशे एक्क्याऐंशी फूट रुंद. मुख्य वेदीमागे सोन्याच्या वर्खाचे लाकडी कोरीव काम आहे आणि त्यात कॅथरीनच्या जीवनातले प्रसंग आहेत. नव्वद वर्षे सुतार, पाथरवट, हमाल तिथे राबले असतील. त्यांतल्या एकाचेही नाव भिंतीवर नाही. हे ताजमहालापासून धरणापर्यंत सगळीकडचेच आहे, म्हणून त्यावर वेळ घालवीत नाही. एक गोष्ट मात्र नमूद करावीशी वाटते : गोवा शहराच्या नगरपालिकेत कारागिरांच्या संघांचे चार प्रतिनिधी बसत. लिस्बनची रीत त्यांनी इथे आणली होती. अर्थात हे संघ ख्रिस्ती कारागिरांचे. पण चारशे वर्षांपूर्वी मांडवीच्या काठी लोहार-चांभाराला नगरपालिकेत बसायला खुर्ची होती ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात कुणी लिहिली नाही.

एक देवता अशी आत येत असताना दुसऱ्या देवता बाहेर जात होत्या. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली, १५६७ च्या सुमारास सासष्टीतली. कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आज आपण मंगेशीला आणि कवळ्याला नारळ घेऊन जातो तेव्हा निर्वासितांच्या छावणीत जातो हे ध्यानात येत नाही, इतकी ती देवळे आता श्रीमंत झाली आहेत.

आता मी या कथेच्या गाभ्याकडे येतो. कॅथरीन कोण? राजसत्तेने ज्यांना धर्मासाठी छळले त्यांच्या बाजूने बोलणारी. आणि तिच्याच कॅथेड्रलच्या शेजारी, त्याच चौकात, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात १५६० साली इन्क्विझिशनची कचेरी उघडली. मधली चार वर्षे सोडली तर ती १८१२ पर्यंत चालली. अलेक्झांड्रियाच्या दरबारात जे काम बादशहाचे पन्नास पंडित करीत होते, ते इथे कॅथरीनचे नाव घेणारे पंडित करू लागले : आरोपीला उभा करायचा, त्याच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचे, आणि कबूल झाला नाही तर जाळायचा.

गार्सिया द ऑर्ता हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना मुंबईच्या इतिहासामुळे ठाऊक असेल. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. इथली झाडपाला, औषधे, हिंग, आंबा, पटकीचा आजार यांवर त्याने १५६३ साली गोव्यात ग्रंथ छापला. हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम यांच्याकडून आपण काय शिकलो हे तो त्यात मोकळेपणी सांगतो. त्याचे घराणे मूळचे यहुदी. पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केलेले. तो १५६८ मध्ये मेला, आणि त्यानंतर इन्क्विझिशनने त्याच्या घरात हात घातला. त्याच्या बहिणीला धरले. आरोप असा की ती गुपचूप यहुदी धर्म पाळते. १५६९ मध्ये गोवा शहरात तिला जिवंत जाळले. त्यावरही समाधान झाले नाही म्हणून १५८० साली खुद्द गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली.

त्या बहिणीचे नाव कातारीना होते.

संत कातारीनाच्या शहरात, आपला धर्म सोडला नाही म्हणून, एका कातारीनाला आगीत घातले. न्यायाधीशांच्या हे ध्यानात आले असेल का? मला वाटते, नसेल. नाव रोजच्या उच्चाराने इतके गुळगुळीत होते की त्याच्या मागचा माणूस दिसेनासा होतो. कॅथरीन म्हणजे त्यांच्या लेखी २५ नोव्हेंबर, विजयाचा दिवस, कचेऱ्या बंद आणि मिरवणूक. ती एके काळी आरोपीच्या जागी उभी होती हे विसरले गेले होते. फ्रेंच डॉक्टर देलों याला १६७४ पासून दोन वर्षे त्या कोठड्यांत ठेवले होते. सुटल्यावर त्याने पुस्तक लिहिले. शिक्षा सुनावण्याच्या दिवशी, १२ जानेवारी १६७६ रोजी, सूर्योदयापूर्वी लोकांना बोलावण्यासाठी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजली असे तो सांगतो. म्हणजे कॅथरीनच्या घरची घंटा.

मार्टर हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ साक्षीदार. आमचा हुतात्मा यज्ञातून आला, त्यांचा मार्टर कोर्टातून. कामगार कोर्टात ज्याने तीस वर्षे घालवली त्याला साक्षीदाराची किंमत कळते. अपघात शंभर जणांनी पाहिलेला असतो आणि पिंजऱ्यात एकही उभा राहत नाही. आमच्या भागातल्या एका कारखान्यात भट्टीवर एक गडी जळून गेला. मालकाने कॅंटीनला त्याचे नाव दिले, मोठी पाटी लावली. त्याच्या बायकोची नुकसानभरपाई मात्र सात वर्षे कोर्टात लोंबकळली, आणि दर तारखेला मालकाचा वकील सांगे की चूक त्या गड्याचीच. त्याच पाटीखाली आम्ही रोज चहा पीत होतो. जुन्या गोव्यातले कॅथेड्रल पाहताना मला ती पाटी आठवते.

गोवा शहर टिकले नाही. साथीच्या रोगांनी माणसे भराभर मेली. अठराव्या शतकात व्हाइसरॉय पणजीकडे राहायला गेला, १७७६ मध्ये कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही, १८३५ मध्ये मठ बंद झाले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. ज्या शहराची ती देवता, त्याच्या घरांचे दगड लोकांनी उचलून नेले, जागेवर माड उभे राहिले. देवता उरली आणि शहर गेले.

चिन्ह मात्र उरले होते. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या ढालीवर शेवटपर्यंत, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, कॅथरीनचे चाक होते. हिरवे गुरुजी आणि त्यांचे सोबती १९५५ साली जो तिरंगा घेऊन सरहद्द ओलांडीत होते त्याच्यावरही चाक होते, अशोकाचे. गोळ्या झाडणाऱ्या शिपायांच्या सरकारी चिन्हातले चाक एका निःशस्त्र मुलीच्या छळाचे होते. निःशस्त्र माणसे समोरून चालत येत होती. त्यांपैकी कुणाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

लोकांनी काय केले? लोकांनी फारसा गाजावाजा न करता देवता बदलली. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ मेला. इन्क्विझिशन पाठवा असे १५४६ साली राजाला लिहिणाऱ्यांत तोही होता, हे सांगितलेच पाहिजे. पण लोकांच्या आठवणीत तो राहिला इस्पितळात रोगी उचलणारा आणि रस्त्यात घंटी वाजवून पोरे गोळा करणारा म्हणून. त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि म्हणणारे नुसते ख्रिस्ती नाहीत. कॅथरीनला सरकारने नेमले. सायबाला लोकांनी निवडले. माझ्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे. मालकाने नेमलेल्या पुढाऱ्याचा फोटो कचेरीत लागतो, पण गेटसभेला माणसे जमत नाहीत.

त्यात कॅथरीनचा दोष काय, हे मला विचारावेसे वाटते. तिला कुणी विचारले नव्हते. ज्यांच्या बाजूची ती होती त्यांच्याकडे तिला कुणी येऊच दिले नाही. गोव्यातल्या कातकऱ्या-कुंभारांपर्यंत, शिवणकाम करणाऱ्या बायांपर्यंत ती पोचली असती तर कदाचित पॅरिससारखे काही झालेही असते. ती राहिली नगरपालिकेच्या मिरवणुकीत.

झेवियरच्या सणाचा नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ ला, कॅथरीनचा सण. जुन्या गोव्यात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. कोकणातून, कारवाराकडून, आमच्या मुंबई-पनवेलहून माणसे चालत येतात. दर दहा वर्षांनी झेवियरचे शव दर्शनासाठी ठेवतात तेव्हा ते बॉं जेझूसमधून कॅथेड्रलमध्ये नेतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत तसे नेले होते. लाखो माणसे कॅथरीनच्या घरात जातात, पाहुण्याचे दर्शन घेऊन बाहेर पडतात.

तिचे मूळचे चॅपेल तिथून जवळच, पश्चिमेला उतारावर आहे. १९५२ मध्ये ते पुन्हा दुरुस्त केले. युनेस्कोने १९८६ साली जुन्या गोव्याला जागतिक वारसा म्हणून जे मानले त्यात तेही येते. तिकडे गर्दी नसते. जांभ्या दगडाची साधी इमारत आहे. तिथल्या शिळालेखात लिहिले आहे की याच जागी तो दरवाजा होता ज्यातून गव्हर्नर आल्बुकर्क आत आला आणि त्याने हे शहर मुसलमानांकडून घेतले. आणि १५५० साली गव्हर्नर काब्राल याने राजाच्या खर्चाने ही वास्तू बांधविली. दोन गव्हर्नरांची नावे आहेत, खर्च कुणी केला ते आहे. कॅथरीनचे नाव एकदाच येते, शहर कोणत्या दिवशी घेतले ते सांगताना.